मुलांसाठी रहस्यकथा लिहायचीय? मग आधी शेवटचं पान लिहा

लहान वाचकांसाठी, म्हणजे साधारण ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी, मराठीत एखादी डिटेक्टिव्ह गोष्ट लिहावी असं खूप जणांच्या मनात असतं. शिक्षक असतात, आईबाबा असतात, कॉलेजातली पोरं असतात, आणि सुरुवात बहुतेक सगळे एकाच जागी करतात, पावसाळी रात्र, जुना वाडा, लाइट गेलेले आणि एक किंकाळी, आणि मग चौथ्या पानावर गाडी अडते कारण ती किंकाळी कोणाची होती हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. म्हणून पहिलं पान लिहूच नका. शेवटचं लिहा. कोणी केलं, काय केलं, कसं केलं, का केलं, आणि त्याच दिवशी का केलं, एवढं एका कागदावर पाच-सहा वाक्यांत उतरवा. यातला शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चोरी मंगळवारी का नाही झाली, शुक्रवारीच का झाली, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर अर्धी गोष्ट तिथेच तयार झाली समजा.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, म्हणून आपण एक गोष्ट इथेच रचत जाऊ. जागा आपलं नाशिक, दिवस रंगपंचमीचा. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी आहेत. रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, जमिनीच्या पोटात, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला, वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात, नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग लोक त्यात धप्पे मारतात, म्हणजे धपकन उड्या टाकतात. तिवंधा चौकात एक आहे, नदीपलीकडे पंचवटीत शनी चौकात एक आहे, अजूनही आहेत, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. कुठल्या रहाडीचा कुठला रंग ते तिथल्या जुन्या माणसांना विचारूनच लिहा, ऐकीव लिहू नका, कारण तुमचा वाचक तिथेच राहणारा असू शकतो आणि तो लगेच पकडेल.

आता उत्तराचा कागद. तिवंध्याजवळच्या एका वाड्यात आजोबांचा जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. रंगपंचमीच्या दुपारी तो नाहीसा होतो. नेला घरी येणं-जाणं असलेल्या अविनाशकाकाने. का, तर आजोबांनी बघायला दिलेलं एक नाणं त्याने आधीच विकून टाकलं होतं. आणि त्याच दिवशी का, तर दुसऱ्या दिवशी नाणी बघायला एक जाणकार येणार होते, आजोबा सगळी नाणी मांडून मोजणार होते आणि एक कमी निघालं असतं. झालं. आता हा माणूस मुलांना समजतो. राक्षस नाहीये, एक चूक लपवायला दुसरी मोठी चूक करणारा माणूस आहे, आणि मुलांनी हे स्वतः केलेलं असतं, फुटलेली बरणी लपवताना वगैरे. मुलांच्या गोष्टीतला हेतू असाच असावा, त्यांना आतून ओळखीचा. विम्याचे पैसे, शेअर्स, बनावट कागदपत्रं असल्या हेतूंशी दहा वर्षांच्या मुलीला काही देणंघेणं नसतं.

खून लागतोच असं नाही, खरं तर मी म्हणेन नकोच. गुन्हा जगाच्या दृष्टीने छोटा चालेल, पण गोष्टीतल्या कुणाच्या तरी दृष्टीने तो फार मोठा पाहिजे. आजोबा त्या रात्री जेवत नाहीत, एवढं एक वाक्य पुरतं. आणि एक विनंती, कृपा करून शेवटी "अरे चोरी झालीच नव्हती, आजीने डबा दुसरीकडे ठेवला होता" असं करू नका. मोठ्यांना ते गोड वाटतं, मुलांना फसवल्यासारखं वाटतं. त्यांनी इतकी पानं डोकं लावलेलं असतं, संशय घेतलेला असतो, त्यांना खरा गुन्हेगार द्या.

आता सुगावे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मुलांची रहस्यकथा इथेच उभी राहते किंवा पडते. माझं ठाम मत असं आहे की मुख्य सुगावा असा पाहिजे जो मोठ्यांना दिसत असूनही दिसत नाही आणि मुलाला मूल असल्यामुळे दिसतो. एरिक केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९२९ सालच्या एमिलच्या गोष्टीत (एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज) चोरीला गेलेले पैसे एमिलचेच होते हे सिद्ध होतं ते नोटांना पडलेल्या टाचणीच्या भोकांमुळे, कारण त्याने पैसे हरवू नयेत म्हणून खिशात टाचून ठेवलेले असतात. तिथे लॅब नाही, फिंगरप्रिंट नाही, एका काळजीवाहू पोराची साधी सवय आहे आणि तीच पुरावा होते. असं काहीतरी शोधायचं.

आपल्या गोष्टीत ते काय असेल? रंग. अविनाशकाका म्हणतो मी दुपारपासून अंधार पडेपर्यंत शनी चौकातच होतो, नदीपलीकडे. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आलाय, मोठे लोक विश्वास ठेवतात. पण आपली डिटेक्टिव्ह मुक्ता, वय ११, तिला माहितीये की रंगपंचमीचा रंग कितीही घासला तरी कानामागे आणि नखांच्या कडेला राहतोच, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत सगळी मुलं एकमेकांची हीच तर तपासणी करतात. काकाच्या नखांत रंग आहे तो तिवंध्याच्या रहाडीचा. म्हणजे तो वाड्यापासून दोन गल्ल्यांवर होता.

पण थांबा, हुशार वाचक लगेच म्हणेल, रंग काय कोणीही लावू शकतं, तिवंध्यातून आलेल्या एखाद्या मित्राने मिठी मारली असेल. अगदी बरोबर आहे त्याचं! आणि ही शंका गोष्टीतच कोणीतरी काढली पाहिजे, मुक्ताच्या जोडीला तपास करणाऱ्या साहिलने काढू दे, तो तिचं काहीही लगेच मान्य करत नाही. एका सुगाव्याने फक्त संशय येतो. दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेले सुगावे एकाच माणसावर येऊन थांबले की मग बोलता येतं. म्हणून दुसरा सुगावा वेगळ्या जातीचा घ्या, पहिला डोळ्यांचा असेल तर दुसरा कानांचा. आजोबांची नाणी वर्षानुवर्षं गोल पितळी डब्यात असायची, सगळ्यांना माहीत. दोन दिवसांपूर्वी त्या डब्याची बिजागरी तुटली आणि आजोबांनी नाणी चिवड्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकली. हे फक्त आजोबांना आणि धाकट्या चिमीला माहितीये. आणि काका आजोबांचं सांत्वन करताना बोलून जातो, "जाऊ द्या हो नाना, पत्र्याचा डबा बघून कोणी भंगारवाल्याने उचलला असेल." बास. एवढंच. मुक्ताने तिथे दचकायचं नाही, लेखकाने उद्गारचिन्ह द्यायचं नाही, संवाद पुढे चहाच्या कपावर गेला पाहिजे.

सुगावा लपवायचा कसा हेही यातच आलं. लपवायचा म्हणजे सांगायचा नाही असं नव्हे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले होते, त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला जो सुगावा सापडेल तो वाचकालाही दाखवलाच पाहिजे. मुलांसाठी लिहिताना हा नियम दुप्पट कडक पाळा. शेवटच्या पानावर "मुक्ताने खिशातून एक चिठ्ठी काढली जी तिने कोणालाच दाखवली नव्हती" असं आलं की मुलं पुस्तक मिटतात आणि पुढचं उघडत नाहीत. सुगावा उघड्यावर ठेवायचा, फक्त वाचकाचं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे पाहिजे. चिवड्याच्या डब्याचंच बघा, तो सुगावा पहिल्या प्रकरणात विनोदी प्रसंगात टाकायचा, चिमी चोरून चिवडा खायला जाते, डबा उघडते, आत काळी हिरवी नाणी, आणि ती मोठ्याने भोकाड पसरते, तिथे असलेले एकटे आजोबा हसतात आणि तिला गल्लीच्या तोंडावरून नवीन पाकीट आणून देतात. वाचक हसला की त्याला तो प्रसंग विनोद म्हणून लक्षात राहतो, माहिती म्हणून नाही. दुसरी युक्ती यादीची, पाच गोष्टींची यादी असेल तर कामाची गोष्ट तिसरी किंवा चौथी टाका, पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. आणि महत्त्वाचे सुगावे गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या भागात येऊन गेलेले असू द्या, शेवटच्या धावपळीत घाईघाईने कोंबू नका.

नॉक्सचा आणखी एक नियम मला फार आवडतो, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. आपल्याकडे वाडा म्हटला की लेखकांना भुयार सुचतंच आणि मग दुसरंही सुचतं आणि मग चोर, मुलं, पोलीस सगळे भुयारातूनच फिरायला लागतात. मी तर म्हणते एकही नको, रहाड असताना भुयाराची गरज काय?

संशयित तीन पुरे. मुलांना पाचापेक्षा जास्त संशयितांची नावं सांभाळणं जड जातं आणि मग ती अंदाज करणंच सोडतात. आपल्याकडे काका आहे, खालच्या खोलीत भाड्याने राहणारा राजूदादा आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या मॅडम आहेत ज्यांनी प्रदर्शनासाठी नाणी मागितली होती आणि आजोबांनी नाही म्हटलं होतं. राजूदादा म्हणतो मी यंदा खेळलोच नाही, दिवसभर झोपलो होतो, पण कानामागे रंग! म्हणजे तोही खोटं बोलतोय. कारण निघतं की त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, धप्पा मारणार नाही असं आईला वचन दिलेलं आणि तरी मारला. या चकव्याचा फायदा बघा, चुकीच्या माणसावर संशय गेला तरी त्या वाटेवर वाचकाला "कानामागे बघायचं" ही पद्धत शिकायला मिळाली, आणि तीच पुढे खऱ्या माणसावर वापरायचीये. चकवा असा कामाला लावला पाहिजे, नुसता वेळकाढूपणा नको.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गुन्हेगार म्हणून घरकामाच्या मावशी, वॉचमन, बाहेरगावाहून आलेला मजूर, फेरीवाला, चेहऱ्यावर व्रण असलेला माणूस, लंगडणारा माणूस यांना उभं करू नका. संशयित म्हणूनही विचार करून घ्या. तुमची गोष्ट वर्गात मोठ्याने वाचली जाणार आहे आणि त्या वर्गात वॉचमनची मुलगी बसलेली असणार आहे. शिवाय रहस्य म्हणूनही ते कच्चं असतं, ज्याच्यावर सगळे आधीच संशय घेतात तोच निघाला तर शोध कसला लागला? आमच्या गोष्टीत काका मुद्दाम "भंगारवाल्याने नेला असेल" म्हणतो, दुसऱ्यावर ढकलतो, आणि तिथेच पकडला जातो, हे मला फार हवं होतं.

वेळापत्रक. हे कंटाळवाणं काम आहे पण करा. एका मोठ्या कागदावर उभ्या ओळीत वेळ आणि आडव्या ओळीत माणसं, आणि प्रत्येक चौकटीत तो माणूस खरंच कुठे होता आणि कुठे होतो म्हणाला हे वेगवेगळ्या शाईने. मग प्रत्यक्ष जाऊन चाला. तिवंध्यातून निघून नदी ओलांडून शनी चौकात जायला सणाच्या गर्दीत किती वेळ लागतो हे मॅपवर नाही कळत, आणि मुलाला बरोबर घेऊन चाललात तर अजून वेगळं कळतं, कारण मूल मध्ये थांबतं, वाकतं, खाली पडलेलं उचलून बघतं. त्या थांबण्यातच तुम्हाला दोन प्रसंग मिळतील.

मोबाइल आणि सीसीटीव्हीचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. लपवाछपवी करू नका, सरळ तोंड द्या. रंगपंचमीला लोक फोन घरी ठेवतात कारण भिजतो, आणि चौकातल्या दुकानाच्या कॅमेऱ्याच्या काचेवर रंग उडालाय, फुटेजमध्ये दुपारपासून नुसता रंगीत डाग दिसतो. दिवस नीट निवडला की असे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून तर मी सुरुवातीला त्याच दिवशी का यावर एवढा जोर दिला.

रंगपंचमी नको असेल तर नाशकात बाकी काय कमी आहे का! पावसाळा घ्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठी सगळे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, पूर मोजायची आमची पट्टीच आहे ती. आता समजा कोणी म्हणाला हा फोटो मी सकाळी काढला आणि फोटोत मागे मारुती कमरेपर्यंत बुडालाय, पण सकाळी शाळेत जाताना साहिलने बघितलं तेव्हा पाणी पायांशी होतं. फोटोची वेळ खोटी ठरली, आणि ती ठरवायला फक्त नाशकात राहणं पुरलं. किंवा कपालेश्वर घ्या. शंकराच्या देवळात पिंडीसमोर नंदी असतोच, पण आमच्या कपालेश्वरात नाही, आणि इथल्या पोराला हे लहानपणापासून माहीत असतं. आता एखादा पाहुणा सांगतो मी काल कपालेश्वरात नंदीच्या कानात बोलून आलो, तर तो तिथे गेलाच नव्हता हे चिमीलाही कळेल. जी गोष्ट असायला हवी आणि नाही ती ओळखणं हा फार सुंदर प्रकार आहे आणि मुलांना त्याची चटक लागते. तसंच द्राक्षांचं, ऑक्टोबरमध्ये छाटणी होते आणि मुख्य माल जानेवारी ते मार्चच्या आसपास येतो, म्हणजे ऑगस्टमध्ये "आत्ताच बागेतून तोडून आणली" म्हणणाऱ्याकडे निफाड-दिंडोरीच्या मुलांनी रोखून बघितलंच पाहिजे.

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यावर मात्र जपून. सगळ्यांना पहिली तीच कल्पना सुचते, पण तिथे आत मुलं जाऊ शकत नाहीत, तुम्हीही जाऊ शकत नाही, मग सगळं तपासकाम कुठल्यातरी मोठ्या अधिकाऱ्याच्या हातात जातं आणि मुलं नुसती टाळ्या वाजवत बसतात. तपास मुलांनीच केला पाहिजे. जिथे मूल सायकलने जाऊ शकतं, जिथे त्याला कोणी हाकलत नाही, तेवढंच तुमचं मैदान. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे हे आपल्याला आजही पाठ आहे, तुमच्या पात्रालाही असा पत्ता द्या, गल्ली द्या, आवडती मिसळ द्या.

सुरक्षिततेचं थोडक्यात. मुलं नायकाची नक्कल करतात, त्यामुळे पुराच्या पाण्यात उडी, अनोळखी माणसाचा एकट्याने पाठलाग, बंद खोलीत घुसणं हे तुमच्या मुक्ताला करायला लावू नका. तिला एक विश्वासाचं मोठं माणूस द्या, आजी, आत्या, वाचनालयातल्या बाई, जी ऐकून घेते पण उत्तर सांगत नाही. आणि खरंच धोका आला तर मुलांनी ११२ या आपत्कालीन नंबरला फोन लावलेला दाखवा, त्याने नायक लहान होत नाही.

भाषा बोलतो तशी. "मुक्ताच्या मनात संशयाचे काहूर माजले" नको, "मुक्ताला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना" बरं. प्रकरणं छोटी, हजार-बाराशे शब्दांची, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक नवीन प्रश्न उभा राहिला पाहिजे, दरवेळी कोणीतरी किंचाळायलाच पाहिजे असं नाही, "मग डब्याचं झाकण इथे कसं?" हाही चांगला शेवट आहे. जुन्या नाशिकबद्दल वाचायचं असेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे जाऊन बसा, पण वाचलेलं सगळं गोष्टीत ओतू नका, मुलांना इतिहासाचा तास नकोय, त्यांना डबा हवाय.

उलगड्याचं प्रकरण सगळ्यात लहान ठेवा. मुक्ता बोलते, साहिल मध्ये दुरुस्त्या करतो, चिमी चिवड्याच्या डब्याची साक्ष देते. काकाला दोरीने बांधायची गरज नाही. त्याने नाणी परत आणून द्यायची, विकलेल्या नाण्याचं काय केलं ते आजोबांसमोर सांगायचं, आणि आजोबांनी त्याला लगेच माफ केलं नाही तरी चालेल. मुलांना तेही समजतं.

मग शेवटची तपासणी. उलगड्याच्या आधीपर्यंतची गोष्ट चार-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, गच्चीवर, वर्गात, कुठेही, पण तुमच्या स्वतःच्या मुलांबरोबर दुसऱ्यांचीही असू द्या, आपली पोरं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. उलगड्यापाशी थांबा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर नाव आणि कारण लिहायला सांगा, एकमेकांना न दाखवता. सगळ्यांनी काका लिहिलं तर सुगावे फार ठळक झालेत, एक मागे न्या. कोणीच लिहिलं नाही तर फार खोल पुरलेत, डब्याचा उल्लेख अजून एकदा येऊ द्या. एक-दोघांना जमलं आणि बाकीच्यांनी उलगडा ऐकून "अरे हो की, तो चिवडा!" असं म्हटलं तर बरोबर आहे. आणि नाव चुकलेलं पण कारण भारी असेल अशी एखादी चिठ्ठी निघाली, निघतेच बहुतेक वेळा, तर ती जपून ठेवा, कारण त्या मुलाने शोधलेली पळवाट तुम्हाला पुढच्या खर्ड्यात बुजवायची आहे, आणि ती बुजवून झाली की पुन्हा त्यालाच वाचायला द्या.